जुनं सॉफ्टवेअर बदलायचं, पण व्याज कुणाच्या हिशेबाने?

प्रश्न : मी तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत व्यवस्थापक आहे. आमचं सगळं कामकाज १९९९ साली एका स्थानिक प्रोग्रॅमरनी फॉक्सप्रो या डेटाबेसच्या भाषेत लिहून दिलेल्या डॉसच्या प्रोग्रॅमवर चालतं. बचत, पिग्मी, मुदत ठेव, सोनेतारण, कर्ज, भाग, सगळं त्यातच आहे. मशीन विंडोज एक्सपीचं आहे आणि हार्डडिस्क हल्ली आवाज करते. प्रोग्रॅमर काका आता सत्तरीत आहेत, मुलाकडे बडोद्याला असतात. फोन केला की मदत करतात, पण 'आता नीट आठवत नाही' असंही म्हणतात. चेअरमनसाहेबांना येत्या १ एप्रिलपासून क्लाउडवरचं नवं सॉफ्टवेअर हवं आहे. कंपनीचा माणूस म्हणतो, आठ दिवसांत सगळा डेटा आणून देतो. आमच्या हेड कॅशिअर मॅडमचं म्हणणं, 'चाललंय ते चालू द्या, पैशाचा फरक आला तर सभासदांना उत्तर तुम्ही द्यायचं.' मला दोघांचंही पटतं. काय करू?
– व्यवस्थापक, सांगली जिल्हा

नमस्कार,

चेअरमनसाहेब आणि मॅडम यांच्यातला वाद थोडा वेळ बाजूला ठेवा, कारण आवाज करणारी हार्डडिस्क संचालक मंडळाच्या सभेसाठी थांबणार नाही. आज दिवसअखेर झाली, सगळे काउंटर बंद झाले, की प्रोग्रॅम असलेला अख्खा फोल्डर दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या. प्रोग्रॅममधला 'बॅकअप' पर्याय वापरून थांबू नका. बहुतेक जुन्या प्रोग्रॅममधला तो पर्याय फक्त डेटाच्या फाइली उचलतो. खुद्द प्रोग्रॅम त्या एकाच डिस्कवर राहतो आणि ती गेली की त्याच्याबरोबर जातो. डीबीएफ, सीडीएक्स, एफपीटी, पीआरजी, एफएक्सपी, ईएक्सई, जे दिसेल ते घ्या. काउंटर चालू असताना कॉपी केली तर अर्धं व्हाउचर एका फाइलीत आणि अर्धं दुसऱ्या फाइलीत असा घोळ होतो, म्हणून दिवसअखेरीनंतरच. मग हार्डवेअरवाल्याकडून पूर्ण डिस्कची जशीच्या तशी इमेज काढून घ्या. डिस्क जुन्या आयडीई पद्धतीची असेल तर ती यूएसबीला जोडायचा अडॅप्टर त्याच्याकडे मिळतो. तोवर त्या डिस्कवर 'स्कॅन करून बघू', 'डिफ्रॅग मारू' असले उपाय कुणालाही करू देऊ नका. दमलेल्या डिस्कला त्यात सगळ्यात जास्त पळावं लागतं.

ही कॉपी दुसऱ्या मशीनवर चालवून कालच्या तारखेची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा तक्ता, काढा आणि काउंटरवरच्या तेरजेशी ताडून पाहा. जुळली तरच बॅकअप झाला म्हणा.

त्या मशीनमधला नाण्याएवढा सेलही बदलून घ्या, किरकोळ किमतीला मिळतो. तो संपला की लाइट जाऊन आल्यावर मशीनची तारीख काही वर्षं मागे जाते. फॉक्सप्रोचा प्रोग्रॅम तारीख मशीनकडूनच घेतो. सकाळच्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही, तर दिवसभराची व्हाउचरं आणि व्याज भलत्याच तारखेला पडतात, आणि ते निस्तरायला मॅडमना आठवडा जातो.

आता वाद. मॅडम म्हणतात त्यात तथ्य आहे. प्रोग्रॅमला गंज चढत नाही. १९९९ साली जी बेरीज बरोबर येत होती ती आजही बरोबरच येते. बदलतं ते त्याच्या भोवतीचं. फॉक्सप्रो ज्या कंपनीचं होतं ती मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये घेतली. डॉसची आवृत्ती २.६ वर थांबली. त्यानंतरचं व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ पर्यंत आलं आणि त्याचाही आधार जानेवारी २०१५ मध्ये संपला. एक्सपीचा तर ८ एप्रिल २०१४ लाच. 'नवीन मशीन आणू आणि त्यावर जुना प्रोग्रॅम टाकू' हा सोपा मार्गही आता बंद झाला आहे. डॉसचे असे प्रोग्रॅम १६ बिटचे असतात, ६४ बिटचं विंडोज ते चालवत नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं.

तरीही मधला मार्ग आहे, आणि पहिलं पाऊल म्हणून तुम्ही तोच घ्यावा. नव्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्याच्या आत जुनी एक्सपी जशीच्या तशी चालवता येते. किंवा व्हीडॉस नावाचा छोटा प्रोग्रॅम वापरता येतो, जो डॉसमधल्या कार्यालयीन कामांसाठीच बनवला आहे आणि छपाई विंडोजच्या प्रिंटरकडे पाठवतो. डॉसबॉक्स कुणी सुचवला तर नको म्हणा. तो मुख्यतः खेळांसाठी आहे, आणि दोन काउंटरवरून एकच फाइल उघडली असताना ती नीट कुलूपबंद राहील याचा भरवसा त्यात नाही. तुमच्या प्रोग्रॅमला प्रिंटरच्या पोर्टमध्ये खोचायचं हार्डवेअर लॉक असेल तर मात्र या सगळ्यात अडचण येईल, ते आधीच पाहून घ्या. आणि एक्सपी, मग ती खरी असो की आत बसवलेली, इंटरनेटला जोडायची नाही. पिग्मीचा डेटा घ्यायलासुद्धा नाही.

यातून तुम्हाला वर्ष-दीड वर्षाची उसंत मिळेल. त्यापलीकडे जुन्यावर राहू नका. त्याचं एक कारण मॅडमना दाखवण्यासारखं आहे. तुमचा प्रोग्रॅम १९९९ चा, म्हणजे ऐन वायटूकेच्या, २००० साल उजाडताना तारखा चुकतील या, धास्तीतला. तेव्हा वर्षाचे दोनच आकडे टाकून घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक ठिगळ सर्रास लावलं जायचं : अमुक आकड्याच्या आतलं वर्ष २००० नंतरचं समजायचं, त्याच्या पुढचं १९०० चं. ही सीमा कुणी ३० धरली, कुणी ५०. तुमच्याकडे ३० असेल, तर आज घेतलेल्या पाच वर्षांच्या ठेवीची मुदत १९३० किंवा १९३१ साली संपली असं प्रोग्रॅम समजेल. कॉपीवर, म्हणजे खऱ्या डेटावर नव्हे, २०३० नंतर मुदत संपणारी एक ठेव टाकून बघा. वर्षाचे चारही आकडे विचारत असेल तर हा प्रश्न नाही. पण तपासल्याशिवाय तसं समजू नका.

चेअरमनसाहेबांना सांगायला दुसरं उदाहरण. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारात सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती जुन्या यंत्रणेवरून नव्या यंत्रणेवर नेली. गंमत अशी की डेटा नीट पोहोचला होता. पण यंत्रणा पुन्हा उघडली, ग्राहक एकदम आत आले आणि नव्या यंत्रणेने मान टाकली. लाखो लोकांना स्वतःच्या खात्यापर्यंत पोहोचता येईना. कामकाज पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला, मुख्याधिकाऱ्यांना पायउतार व्हावं लागलं, आणि २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख पौंडांहून जास्त दंड केला. त्यांच्याकडे माणसं आणि पैसा यांची वाण नव्हती. तुमच्या कंपनीचा माणूस आठ दिवस म्हणतोय.

आठ दिवसांत काय आणतात, हे त्याला कागदावर विचारा. बहुतेक वेळा 'सगळा डेटा' म्हणजे ३१ मार्चच्या अखेरच्या शिलका असतात. खातेदाराचं नाव, पत्ता, शिल्लक, संपलं. मागच्या पंचवीस वर्षांचे व्यवहार जुन्याच मशीनमध्ये राहतात. बचत खात्याचं त्यावाचून फारसं अडत नाही. थकीत कर्जाचं अडतं. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मागायला गेलात, की कर्ज दिल्या दिवसापासूनचा खातेउतारा लागतो. जामीनदाराचा वकील पहिला हात त्या उताऱ्यालाच घालतो. म्हणून चालू असलेली सगळी कर्जं आणि दाव्यातली खाती संपूर्ण व्यवहारांसकट आली पाहिजेत, आणि बाकीचा इतिहास वाचता येईल अशा स्वरूपात वेगळा जपला गेला पाहिजे. ही अट करारात नसेल तर तो करार करू नका.

पण तुमचं सगळ्यात किमती काम डेटाचं नाहीच. तुमच्या संस्थेचे निम्मे नियम आज कुठल्याही पुस्तकात लिहिलेले नाहीत. ते त्या प्रोग्रॅममध्ये आणि मॅडमच्या डोक्यात आहेत. बचतीवरचं व्याज कोणत्या शिलकेवर? बँकांमध्ये ३१ मार्च २०१० पर्यंत महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर व्याज मिळायचं, १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकेवर मिळू लागलं. तुमचा प्रोग्रॅम त्याआधीचा आहे. मधे कुणी बदल केला का? ठेवीचं वर्ष ३६५ दिवसांचं, ३६० चं, की लीप वर्षी ३६६ चं? सोनेतारणात दागिने ठेवल्याचा आणि सोडवल्याचा, दोन्ही दिवस धरता का? व्याज रुपयात पूर्ण करताना पन्नास पैसे वर जातात की खाली? पिग्मी मुदतीआधी मोडली तर एजंटचं कमिशन कापता का, आणि कशावर? कर्जाचा हप्ता आला की आधी दंडव्याज, मग व्याज, मग मुद्दल, हाच क्रम आहे ना?

याची उत्तरं मॅडमकडून घ्या. उभ्या उभ्या नको. शाखा बंद झाल्यावर रोज एक विषय घेऊन त्यांच्याशेजारी बसा, त्या काय करतात ते पाहा आणि लिहा. 'इथे एकदा एस्केप दाबून परत एंट्री करायची, नाहीतर व्याज दुप्पट पडतं' असली वाक्यं ऐकायला मिळतील. ती सगळ्यात मोलाची. शेवटी त्या वहीवर मॅडमची सही घ्या आणि नव्या सॉफ्टवेअरची तपासणी त्यांच्याच हाती द्या. त्यांचा विरोध नव्या सॉफ्टवेअरला आहे असं मला वाटत नाही. चूक झाली तर खिडकीतून बोलणी त्यांना खावी लागतात आणि निर्णयात मात्र त्यांना कुणी विचारत नाही, त्याला आहे.

ही वही तयार होताना एक अवघड जागा येईल. कुठेतरी तुमचा जुना प्रोग्रॅमच चुकीचा निघेल. समजा तो पंचवीस वर्षं लीप वर्षात एका दिवसाचं व्याज कमी देत आला, किंवा दोन्ही दिवस धरून सोनेतारणात जास्त घेत आला. नवं सॉफ्टवेअर बरोबर हिशेब करेल आणि सभासदाला फरक दिसेल. कुणाचं धरायचं हे प्रोग्रॅमरने ठरवायचं नाही, आणि तुम्हीही नाही. तो पोटनियम काढून, लेखापरीक्षकांचं मत घेऊन, संचालक मंडळाने ठराव करून ठरवायचा विषय आहे. ठरावाचा क्रमांक त्या वहीत नियमाशेजारी लिहा.

नावांबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण पतसंस्थेत हा त्रास हमखास होतो म्हणून सांगतो. सभासदांची नावं मराठीत असतील तर ती कशात आहेत ते आधी शोधा. डॉसच्या काळात मराठी सहसा सी-डॅक या सरकारी संस्थेच्या जिस्ट कार्डावर चालायची. तो मजकूर इस्की नावाच्या भारतीय मानकात असतो आणि युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या संगणकांच्या मानकात, बऱ्यापैकी सरळ जातो, कारण युनिकोडची देवनागरीची मांडणीच इस्कीवरून केलेली आहे. नंतरच्या काळात नोटिसा आणि सभासद यादी श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर मात्र बेतानं घ्या. तिथे अक्षर साठवलेलं नसतं, अक्षराचा आकार साठवलेला असतो. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, रफार नंतर येतो, आणि रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला ते पुन्हा जागेवर बसवावं लागतं. कंपनीला तपासणीसाठी पाटील, जाधव अशी सोपी नावं देऊ नका. शिर्के, बिर्जे, गोऱ्हे, कुऱ्हाडे, क्षीरसागर, शृंगारपुरे, ज्ञानदेव, द्रौपदी अशी द्या. 'ऱ्हा'मधला र दोन प्रकारे लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एका प्रकारे शोधलं तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेला कुऱ्हाडे सापडत नाही, आणि मग त्याच माणसाचं नवं खातं उघडलं जातं. रूपांतराआधीच कुठला प्रकार वापरायचा ते ठरवून घ्या.

आणखी एक खोच डीबीएफ फाइलीची. फॉक्सप्रोमध्ये नोंद 'डिलीट' केली तरी ती जात नाही. तिच्यावर फक्त खूण होते, आणि 'पॅक' ही आज्ञा देईपर्यंत ती फाइलीतच असते. डेटा काढणारी काही साधनं या नोंदी लपवतात, काही दाखवतात. त्यामुळे वर्षांपूर्वी बंद केलेली खाती नव्या यादीत जिवंत होऊन येऊ शकतात. सभासदसंख्या आणि भागभांडवल जुळत नसेल तर आधी इथे बघा. डीबीएफ लिब्रेऑफिस या मोफत प्रोग्रॅममध्येही उघडते, त्यामुळे कॉपीवरच्या नोंदी तुम्ही स्वतः पाहू शकता. फक्त त्यात 'सेव्ह' करू नका.

क्लाउडबद्दल माझा आक्षेप नाही. तुमच्या गावात लाइट जाते, माणूस रजेवर जातो, पेनड्राइव्ह हरवतो. नीट चालवलेली बाहेरची यंत्रणा त्याहून बरी. पण तिकडे गेलो की काळजी मिटली, असंही नाही. ३१ जुलै २०२४ रोजी देशातलं पेमेंटचं जाळं चालवणाऱ्या एनपीसीआयने, लहान बँकांना यंत्रणा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीला त्या जाळ्यापासून तात्पुरतं तोडलं, कारण तिच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा, हल्ला झाला होता. तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ३०० लहान बँकांचे ग्राहक त्यात अडकले. दुसऱ्या दिवशी सेवा परत सुरू झाली हे खरं, पण त्या बँकांच्या हातात त्या दिवशी वाट पाहण्यापलीकडे काही नव्हतं. म्हणून कराराच्या वेळी दोन गोष्टींवर अडून बसा. आपला संपूर्ण डेटा, व्यवहारांसकट, वाचता येईल अशा स्वरूपात दर महिन्याला वेगळे पैसे न देता मिळाला पाहिजे, आणि करार संपवला तर तो कसा, किती दिवसांत परत मिळेल ते लिहिलेलं पाहिजे. भाव, स्क्रीनचे रंग, मोबाइल ॲप याबद्दल नंतर बोला.

१ एप्रिल ही तारीख चेअरमनसाहेबांना का आवडते ते कळतं : ताळेबंदाच्या शिलका हातात असतात, सुरुवात कोरी होते. पण मार्चअखेरची वसुली, येणे व्याज, लेखापरीक्षणाची तयारी, आणि त्यातच नवं सॉफ्टवेअर? स्टाफ मोडेल. येत्या एप्रिलला सुरुवात मुळीच करू नका. त्याऐवजी लेखापरीक्षण पूर्ण झालेलं मागचं एक वर्ष घ्या, त्याच्या सुरुवातीच्या शिलका नव्यात भरा, वर्षभराचे व्यवहार त्यात चालवायला लावा आणि वर्षअखेरची तेरीज व प्रत्येक सबलेजरची (विभागाच्या खातेवहीची) बेरीज छापील ताळेबंदाशी पैशापर्यंत जुळवून दाखवायला सांगा. कंपनीच्या हुशारीची परीक्षा इथे होते. फरक आला की 'किरकोळ आहे, जेव्हीने मारून टाकू', म्हणजे जुळवणीची एक नोंद करून मिटवू, असं कुणी म्हणेल. मारू द्यायचा नाही. बावीस पैशांच्या फरकामागे बहुधा एक अख्खा नियम चुकलेला असतो.

ते जुळलं की एकेक विभाग न्या. सुरुवात भाग खात्यापासून करा. व्यवहार कमी, व्याज नाही, चूक लगेच दिसते. त्या विभागाची दिवसाची एकूण रक्कम एका व्हाउचरने जुन्या जनरल लेजरमध्ये (मुख्य खातेवहीत) घेतली की रोजकीर्द एकच राहते. मग मुदत ठेव, मग बचत. बचतीला दोन्हीकडे दुहेरी नोंद करावी लागेल आणि स्टाफ कुरकुर करेल, पण ३० सप्टेंबरची सहामाही व्याज आकारणी दोन्हीकडे होऊन जुळेपर्यंत ती सोडू नका. त्या काळात जादा कामाचा भत्ता मंजूर करून घ्या. फुकटात हे काम नीट होत नाही. कर्ज आणि सोनेतारण सगळ्यात शेवटी. पिग्मी आधी करू असा आग्रह कंपनी धरेल, कारण ॲप दाखवायला छान असतं. एजंट हे तुमच्या छताखाली नसतात आणि त्यांच्या चुका दुसऱ्या दिवशी कळतात, म्हणून पिग्मी सवडीने.

बडोद्याच्या काकांना मात्र फोनवर फुकट सल्ला विचारणं आता थांबवा. संचालक मंडळाच्या ठरावाने त्यांना रीतसर मानधन द्या, गाडीभाडं द्या आणि दोन-तीन दिवस बोलवा. त्यांच्याकडे पीआरजी फाइली, म्हणजे हाताने लिहिलेला मूळ प्रोग्रॅम, असतील तर मागा. त्यांच्याकडेही नसतील तर एफएक्सपीवरून, म्हणजे त्यापासून बनलेल्या चालत्या फाइलीवरून, मूळ प्रोग्रॅम परत काढणारी रीफॉक्ससारखी साधनं आहेत, पण ती वापरण्याआधी काकांची लेखी परवानगी घ्या. प्रोग्रॅम त्यांचा आहे. मॅडमना आणि त्यांना एकत्र बसवा. 'आता आठवत नाही' म्हणणाऱ्या माणसाला समोर स्क्रीन आली आणि शेजारी जुनी सहकारी असली की पुष्कळ आठवतं.

सगळं नव्यावर गेल्यानंतर जुन्या यंत्रणेची इमेज दोन ठिकाणी ठेवा, एक संस्थेच्या तिजोरीत आणि एक शाखेबाहेर, आणि ती उघडून खातेउतारा काढणं मॅडमखेरीज आणखी एका लिपिकाला येऊ द्या. शेवटचा १०१ चा दावा निकाली निघेपर्यंत ती लागेल. जुनं मशीन भंगारात देणार असाल तर हार्डडिस्क आधी काढून घ्या. तिच्यावर तुमच्या सगळ्या सभासदांचे पत्ते, सह्यांचे नमुने आणि शिलका आहेत, आणि भंगारवाला ती पुढे कुणाला विकेल ते त्यालाही माहीत नसतं.